बूट काढायच्या आधी

आदरणीय मॅडम,

तुमच्याकडे शेवटची आले त्याला वर्ष होऊन गेलं. त्या दिवशी निघताना घाईघाईत नुसतं ‘थँक्यू’ म्हणाले होते, ते मनात राहून गेलंय. आज सविस्तर लिहितेय. आणि उघडपणे लिहितेय, कारण माझ्यासारखंच ज्यांचं रोजचं सगळं विस्कटलेलं असतं त्यांच्यापैकी कुणी ते वाचावं असं वाटतं.

मी आले होते कंबर धरून. व्यायामाचं विचारलंत तेव्हा म्हणाले, वेळच मिळत नाही. ते खोटं नव्हतं. शिफ्ट दर आठवड्याला बदलते, घरात लहान मूल आहे, आणि ठरल्या वेळी ठरलेली गोष्ट करणं मला शाळेपासूनच जमलेलं नाही. जिमचे पैसे भरून दोनदा सोडून दिलं होतं. पहाटेचे गजर किती लावले आणि बंद केले, त्याची तर गणतीच नाही. दर वेळी मी एकच निष्कर्ष काढायचे, की माझ्यात शिस्त नाही.

तुम्ही वेळापत्रक दिलं नाहीत. म्हणालात, “गेल्या आठवड्यातला सगळ्यात वाईट दिवस सांगा.” मी गुरुवार सांगितला. उशिरा उठणं, किल्ल्या न सापडणं, कामावरून दोन तास उशिरा सुटणं, सगळं. मध्ये एकदाही न तोडता ऐकून घेतलंत आणि मग विचारलंत, “अशा दिवशीसुद्धा ज्या राहिल्या नाहीत, त्या गोष्टी कोणत्या?” आठवून आठवून चार सापडल्या. दात घासले, अंघोळीचं पाणी तापायची वाट पाहिली, आईशी फोनवर बोलले, घरी आल्यावर बूट काढले.

“मग व्यायाम यांच्याच शेजारी बसवू,” म्हणालात.

दात घासताना टाचा उचलायच्या. पाणी तापेपर्यंत भिंतीवरचे पुश-अप्स. आईशी बोलायचं ते चालत. आणि घरी आल्यावर बूट काढायच्या आधी, पिशवी दारात ठेवून, दहा मिनिटं पुन्हा बाहेर. एकदा सोफ्यावर टेकले की मी उठत नाही, हे मी बोलले नव्हते. तरी तुम्ही नेमकं तेच हेरलंत. यातल्या कशालाही घड्याळ लागत नव्हतं. शिफ्ट कुठलीही असो, दात घासायचे राहत नाहीत. इतकी साधी गोष्ट मला तोपर्यंत कुणी सांगितली नव्हती.

आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम, हा जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा ऐकून मी खचलेच होते. तुम्ही समजावलंत की पूर्वी सलग दहा मिनिटांहून कमी हालचाल त्यात धरत नसत, पण २०२०च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये ती अट उरलेली नाही. तुकडे जोडले तरी चालतात. रोजचा हिशेब एकवीस-बावीस मिनिटांवर आला. वेग कसा ओळखायचा, तर चालताना बोलता आलं पाहिजे, गाता येऊ नये. शिवाय आठवड्यातून दोन दिवस स्नायूंसाठी. त्यातलं हात न टेकता खुर्चीवरून उठणं-बसणं मी अजून करते. पहिल्या दिवशी सहाच जमले होते.

पण सगळ्यात मोठे आभार त्या अकरा दिवसांसाठी.

मुलाचा ताप, त्यात कामाचा डोंगर. अकरा दिवस काहीच झालं नाही. पुढच्या भेटीला येऊ नये असं वाटत होतं. आले तर तुम्ही कारण विचारलंच नाहीत. “उद्या कुठून सुरू करणार?” एवढंच विचारलंत. मग लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या अभ्यासाबद्दल सांगितलंत. ९६ माणसं, एक नवी सवय. ती अंगवळणी पडायला कुणाला १८ दिवस लागले, तर कुणाला २५४ लागतील असा अंदाज निघाला, मधला आकडा ६६. आणि एखादा दिवस चुकला म्हणून सवय जडण्यात फारसा फरक पडला नाही. अकरा दिवस म्हणजे एखादा दिवस नव्हे, हेही तुम्ही स्पष्ट सांगितलंत. म्हणून सगळं निम्म्यावर आणलंत आणि पहिला आठवडा फक्त बुटांचा ठेवलात. दुसऱ्या कुणी त्या दिवशी मला शिस्तीवर चार शब्द ऐकवले असते, तर मी परत आले नसते, हे मला आज पक्कं माहीत आहे.

कंबर आता बरी आहे. आयुष्य तेवढंच विस्कटलेलं आहे. किल्ल्या आजही सापडत नव्हत्या. आईला फोनवर माझी धाप ऐकू यायची, तिने कारण विचारलं, आणि आता तीही बोलताना घरातल्या घरात फेऱ्या मारते.

आज यायला रात्रीचे साडेनऊ झाले. पिशवी दारात ठेवली आणि तशीच वळले. परत येऊन हे लिहायला बसले, बूट अजून पायातच आहेत.

तुमची,
गुरुवारवाली पेशंट