पिंजण

धाराशिव

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

घरच्या ग्रुपवर तू ढकललेला मेसेज काल दोनदा वाचला. 'एकच देव मानणाऱ्यांना दुसऱ्याचा देव खपत नाही, म्हणून ज्यू, ख्रिस्ती, मुसलमान हजार वर्षं लढतायत. आपल्यात असलं नाही.' तुझ्या आईने त्यावर अंगठा टाकला. मी नाही टाकला. फोनवर बोललो की आपलं वाजतं, म्हणून लिहितो.

पहिला भाग खोटा नाही. १०९९ च्या जुलैत क्रुसेडवाले, म्हणजे धर्मयुद्धाला निघालेले ख्रिस्ती, जेरुसलेमात घुसले आणि मुसलमानांबरोबर ज्यूही कापले. पण त्याच गावाची पुढची गोष्ट असल्या मेसेजांत येत नाही. १२२९ मध्ये इजिप्तचा सुलतान अल-कामिल आणि ख्रिस्ती सम्राट दुसरा फ्रेडरिक यांनी लढाई न करता तह केला. शहर ख्रिस्त्यांकडे, अल-अक्सा मशिदीचं आवार मुसलमानांकडे, मुदत दहा वर्षं. दोघांना शिव्या मिळाल्या त्या आपल्याच माणसांच्या. फ्रेडरिकला पोपने आधीच धर्माबाहेर काढलेलं होतं, आणि दमास्कसचे लोक सुलतानाच्या नावाने बोटं मोडत होते. दोघांत संत कुणी नव्हता, आपापली अडचण ओळखून बसले इतकंच. मला तर तेच जास्त पटतं.

तिथल्या पवित्र कबरीच्या चर्चची किल्ली शेकडो वर्षं एका मुसलमान घराण्याकडे आहे, आणि दार उघडायचा मान दुसऱ्या मुसलमान घराण्याचा. आत ख्रिस्त्यांचे सहा पंथ वीतभर जागेवरून हातघाईवर येतात. (आपल्या भावकीचा बांध आठव.)

आता 'आपल्यात असलं नाही' याचं बघू.

रझाकारीत माझा आजा बायकापोरं घेऊन निजामाच्या हद्दीबाहेर, बार्शीला पळाला. रझाकारांनी काय केलं ते तू लहानपणापासून ऐकतोस, दर १७ सप्टेंबरला झेंड्यापाशीही ऐकतोस. सगळं खरं आहे. पण १९४८ च्या त्या सप्टेंबरात भारताची फौज आली, निजाम शरण गेला, आणि मग इथल्या मुसलमानांवर जे गुदरलं त्याला भाषणात जागा नसते. भारत सरकारने पाठवलेल्या सुंदरलाल समितीने मेलेल्यांचा अंदाज २७ ते ४० हजार धरला. सगळ्यात वाईट चार जिल्ह्यांत आपला उस्मानाबाद होता. तो अहवाल कित्येक दशकं दाबून राहिला. मारणारे एक देव मानणारे होते का रे?

आजा परतला तेव्हा शेजारच्या पिंजाऱ्याचं दार उघडं होतं, माणसं नव्हती. ओसरीवर अर्धवट पिंजलेला कापूस. आज्याने त्याची पिंजण उचलून आणली आणि कुणी आलं तर द्यायची म्हणून माळवदाखाली तुळईला टांगली. मी चौथीत असताना तो गेला. रझाकारांच्या गोष्टी रंगवून सांगायचा, पण पिंजणीचं विचारलं की उठून गोठ्यात जायचा. तो तेव्हा बार्शीतच होता की आधीच परतला होता, हे मला कधी कळलं नाही. विचारायचं धाडस माझ्या बापालाही झालं नाही.

पिंजण अजून तिथंच आहे. तात तुटलीय, लाकडाला भुंगा लागलाय. दसऱ्याला आलास की खाली काढू, तेल द्यायचंय. एकट्याच्यानं निघत नाही.

तुझे,
अण्णा