मामा, तुमचा मान अजून बाकी आहे

प्रिय मामा,

साष्टांग नमस्कार. फोनवर आभार मानायला लागले की तुम्ही लगेच "बरं ते जाऊदे, जावयांची तब्येत कशी आहे" म्हणता आणि विषय बदलता, म्हणून आता लिहूनच काढतेय आणि चारचौघांत लिहितेय, म्हणजे तुम्हाला फोन ठेवता येणार नाही.

लग्न ठरलं तेव्हा आपल्याकडे काय होतं ते तुम्हाला माहितीये, माझे साठवलेले १,८०,००० आणि आईच्या भिशीचे ८०,०००, बस. बाबा पतसंस्थेतून तीन लाख काढायला निघाले होते, फॉर्म पण आणला होता, एकच मुलगी आहे, लोक काय म्हणतील वगैरे. आणि खरं सांगते मामा, मला पण तेव्हा वाटत होतं की काढूदेत, फेडू आपण, मला पण मैत्रिणींसारखं स्टेज, प्री-वेडिंग, ते सगळं हवं होतं. तुम्ही पाटणवरून आलात, तो फॉर्म घडी घालून खिशात ठेवलात आणि म्हणालात, आधी वेबिल भरू, मग बघू कमी पडतंय का. वेबिल म्हणजे कंडक्टरचा तिकिटांच्या हिशोबाचा कागद, आणि तुम्ही तर एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर असलेला माणूस, त्यामुळे आमच्या घरी लग्नाच्या हिशोबाला तेव्हापासून वेबिलच म्हणतात, आई तर किराणावाल्याला पण तेच म्हणते.

सगळ्यात आधी तुम्ही माणसं मोजलीत. आम्ही नुसतं चारशे-पाचशे म्हणत होतो आणि तुम्ही एकेक घर घेऊन बसलात, या घरातून बुधवारी कोण येणार, कोणाची पोरं शाळेत, कोण नक्की येऊन पोचवायला माणूस मागणार, अशा दोन रात्री गेल्या आणि आकडा आला ४००. (जेवून गेले ३८७. मी पत्रावळ्यांचे गठ्ठे मोजलेत.) बुधवार पण तुमचाच, कराडच्या त्या हॉलचे रविवारचे ६०,००० आणि मधल्या वाराचे ३८,०००. मुहूर्त दोन्ही दिवशी होता पण आम्हाला रविवारशिवाय दुसरं काही सुचतच नव्हतं.

जेवणाचं तर मी प्रत्येक लग्न ठरलेल्या मुलीला सांगते. केटररने ताटाला २८० सांगितलेले, म्हणजे १,१२,००० झाले असते. तुम्ही म्हणालात आचारी लावू, किराणा आपण भरू. मग आचाऱ्याने यादी दिली, तांदूळ, साखर, तेलाचे डबे, आणि ती यादी घेऊन तुम्ही परत आचाऱ्याकडेच गेलात आणि शेजारी बसून एकेक ओळ विचारलीत की हे कशाला, हे इतकं का, न चिडता, तो पण चिडला नाही, उलट दोन डबे तेल त्यानेच खोडलं. दुकानदाराशी आधीच बोलून घेतलंत की न फोडलेले पुडे परत घ्यायचे. वांगी आणि तोंडली आदल्या पहाटे मार्केटमधून. शेवटी आचाऱ्याची मजुरी २४,०००, किराणा-भाजी-दही ४१,०००, वाढपी ८,०००, एकूण ७३,०००. चारशेच्या हिशोबाने ताट १८३ रुपयांच्या आत, आणि मसालेभात असा होता की अजून लोक विचारतात आचारी कोण होता.

गाडीवरून मात्र घरात जी भांडणं झाली ती आठवली की आजही छातीत धडधडतं. आत्याचं म्हणणं, लग्नाला वऱ्हाडाची गाडी पण नाही का. तुम्ही तुमच्याच जुन्या डेपोत जाऊन प्रासंगिक कराराची चौकशी करून आलात, आणि सांगितलंत की करारावर गाडी घेतली की सगळ्या गाडीचं भाडं, रिकाम्या सीटचं पण, आणि आपली निम्मी माणसं तर बायका आहेत, त्यांना साध्या एसटीत अर्धं तिकीट, पंच्याहत्तरच्या पुढच्यांना फुकट, पाटण-कराड गाड्या पण भरपूर. हिशोब बरोबर होता पण आत्या आठ दिवस बोलली नाही, आणि मला पण त्या दिवशी खूप लागलं. रात्री मी आईला म्हणाले की मामा आता कंजूषपणा करतायत, माझ्या लग्नात मला सगळ्यांसमोर खाली बघायला लावणारेत. तुम्ही दारातच उभे होतात. चप्पल काढत होतात. काही बोलला नाहीत, आत आलात, पाणी प्यायलात आणि म्हणालात, उद्या सराफाकडे जायचंय, नऊला तयार राहा. मामा त्याबद्दल मी तुमची माफी कधीच मागितली नाही. आज मागते. मनापासून मागते.

आणि लग्नाच्या दिवशी सकाळी आपल्या स्टँडवर तुम्ही स्वतः उभे राहून एकेका म्हातारीला हाताला धरून गाडीत बसवलंत, आत्याला पुढची खिडकी दिलीत, हे मला नंतर आत्यानेच सांगितलं.

सराफाकडचं पण लिहितेच. तोळ्याचा भाव लाखाच्या वर, नवीन घेणं शक्यच नव्हतं, आईच्या दोन पाटल्या मोडून मंगळसूत्र आणि बाकीचं करायचं ठरलं. आई दुकानात पाटली हातातून काढत होती तेव्हा तिच्याकडे बघवत नव्हतं. तुम्ही मोडीच्या आधी वजन, घट किती धरली, मजुरी किती, सगळं एका कागदावर लिहून घेतलंत, दागिन्यावरचा सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे हॉलमार्कचा नंबर, मला बीआयएस केअर ॲपवर टाकून बघायला लावलात. आणि आईला म्हणालात, ताई, पाटली गेली नाही, पोरीच्या गळ्यात गेली. ती तेव्हा पहिल्यांदा हसली.

आता मानपान. आमच्याकडे याच एका गोष्टीवर लग्नं मोडायची वेळ येते हे सगळ्यांना माहितीये. टॉवेल-टोपी, साड्या, फेटे, जावयांचे पोशाख, भावकीचे पोशाख, यादी केली तर ६४,००० चा आकडा, आणि त्यातल्या निम्म्या साड्या कोणीच नेसणार नाही, पुढच्या लग्नात तशाच फिरणार. पण कोणाला वगळायचं? एकाला दिला आणि दुसऱ्याला नाही की संपलं. बाबा अक्षरशः रडकुंडीला आलेले. तेव्हा बैठकीत सगळे असताना तुम्ही उठून म्हणालात, मुलीच्या मामाचा मान सगळ्यात मोठा ना, तो मी घेत नाही, पोशाख नाही, फेटा नाही, आता बाकीच्यांनी ठरवा. खोलीत कोणी बोललंच नाही. मग आमचे मोठे काका म्हणाले मला पण नको, आणि मग एकेक करत सगळेच, आणि पंढरपूरला माझ्या सासरी हे कळल्यावर यांच्या मामांनी पण फोन करून सांगितलं की मला पण काही आणू नका. पत्रिकेत आहेर आणू नये छापता येतं, सगळेच छापतात, पण स्वतःचा मान सगळ्यांसमोर सोडायला कोणी पुढे येत नाही मामा. तुम्ही आलात.

आणि एवढं सगळं वाचवून मला काय म्हणालात, एक गोष्ट तुझ्या मनासारखी, तिचा हिशोब मी विचारणार नाही. मी सनई-चौघडा मागितला, खरा, वाजवणारी माणसं समोर बसलेली. ९,००० रुपये. तुम्ही खरंच एका शब्दाने विचारलं नाहीत. सकाळी हॉलच्या दारात चौघडा सुरू झाला आणि मी आत केस विंचरता विंचरता रडायला लागले, इतकं बरं वाटलं.

गुरुजींनी पुकारलं, मुलीचे मामा, मुलीला घेऊन या, तर मामा कुठेच नाहीत. तुम्ही मागे भटारखान्यात. पलीकडची माणसं ऐनवेळी वाढली म्हणून राखून ठेवलेला पाच किलो तांदूळ चुलीवर चढवत होतात. धावत आलात, तोच इस्त्रीचा पांढरा शर्ट, बाहीला हळदीचा डाग, आणि माझा दंड धरलात तेव्हा तुमचा हात गरम होता, चुलीजवळून आल्यामुळे. सगळी मंगलाष्टकं मी फक्त तो हात लक्षात ठेवून उभी होते. बाकी फोटोत बघितलं.

संध्याकाळी हॉलवाल्याने जनरेटर आणि साफसफाईचे जादा पैसे लावून डिपॉझिट अडवलं, तेव्हा बाबांचा आवाज चढला होता, मला वाटलं आता दिवस खराब होतो की काय. तुम्ही शांतपणे पावती काढलीत, त्यावर त्याच्याच अक्षरात काय काय धरलंय ते आधीच लिहून घेतलेलं, सकाळचा मीटरचा फोटो पण होता. डिपॉझिट परत आलं. रात्री घरी सगळे झोपले, तुम्ही वेबिल मिळवत बसलात आणि सकाळी आईच्या हातात ३,८६० रुपये ठेवलेत, सुट्ट्या नाण्यांसकट. बाबांचा पतसंस्थेचा फॉर्म पण सोबत, कोराच.

मामा, मला आईने आत्ता, लग्न होऊन महिना झाल्यावर सांगितलं. की तिच्या लग्नाला आजोबांनी कर्ज काढलं होतं आणि ते तुम्ही नोकरीला लागल्यावर पगारातून सात वर्षं फेडलंत, आणि तोपर्यंत स्वतःचं लग्न केलं नाहीत. मला हे माहीतच नव्हतं. मी ज्याला कंजूषपणा म्हणाले ते काय होतं हे मला तेव्हा कळलं आणि त्या रात्री झोप लागली नाही.

गेल्या आठवड्यात नोंदणीला आलात, तीन साक्षीदारांत पहिली सही तुमची. सर्टिफिकेट आलंय, त्याची कॉपी घेऊन येते.

येत्या रविवारी आम्ही दोघं पाटणला येतोय, मामींना सांगा स्वयंपाक करू नका, मसालेभात मी करणार आहे. आणि पिशवीत एक धोतर, एक शर्टाचं कापड आणि एक केशरी फेटा असेल. माझ्या पहिल्या पगाराचा आहे, म्हणजे लग्नानंतरच्या पहिल्या. नाही म्हणायचं नाही. पोशाख अंगावर घालायचा, फेटा यांच्याकडून बांधून घ्यायचा, त्यांनी मुद्दाम शिकून घेतलाय, आणि मग माझ्याबरोबर एक फोटो काढायचा, कारण लग्नाच्या अल्बममधे तुम्ही प्रत्येक फोटोत कडेला किंवा पाठमोरे आहात.

तुमची भाची