योम किप्पूरबद्दल विचारलंस म्हणून

प्रिय संज्या,

योम किप्पूर, म्हणजे आम्हा ज्यूंचा प्रायश्चित्ताचा दिवस, त्याच्या उपासाला साबुदाणा, पाणी चालतं का विचारलंस ना? नाही रे, साबुदाणा नाही आणि पाणीसुद्धा नाही. आदल्या दिवशी सूर्य मावळायच्या आत जेवून घ्यायचं आणि दुसऱ्या दिवशी चांदण्या दिसेपर्यंत, म्हणजे जवळजवळ २५ तास, तोंडात काही घालायचं नाही, आंघोळ नाही, चामड्याच्या चपला नाहीत. पण ज्याच्या जिवाला धोका आहे त्याने उपास धरायचाच नाही, तिथे धर्मच सांगतो की खा.

सगळे उपासाचंच विचारतात, मला मात्र मोठी वाटते ती माफीची अट. मिश्नात, म्हणजे ज्यूंच्या जुन्या धर्मनियमांच्या ग्रंथात, स्पष्ट म्हटलंय की देवाचा अपराध केलास तर तो या दिवशी धुतला जातो पण माणसाला दुखावलं असशील तर आधी त्याची समजूत काढ, त्याशिवाय योम किप्पूरचा उपयोग नाही. म्हणजे दिवसभर सिनेगॉगमध्ये (आमच्या प्रार्थनास्थळात) छाती बडवलीस तरी भावाशी बोलणं बंद आहे ते आहेच, जा आणि त्याच्या दारात उभा राहा!! म्हणून रोश हशाना, म्हणजे ज्यू नववर्षापासूनच्या दहा दिवसांत इथे इस्राएलमध्ये फोनाफोनी चालते, जुने अबोले सुटतात. आणि कबुली देताना सगळे 'आम्ही चुकलो' म्हणतात, 'मी' नाही, मला ते फार आवडतं, शेजाऱ्याचं पापही आपण मिळून उचलायचं.

आपल्या कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू लोकांचं तर मला नवलच वाटतं. शेकडो वर्षं हिब्रू पोथ्या नाहीत, रब्बी (धर्मगुरू) नाही, शनिवारी तेलाचा घाणा बंद ठेवतात म्हणून लोक त्यांना शनिवार तेली म्हणायचे, पण हा दिवस विसरले नाहीत. पांढरे कपडे घालून दारं लावून घरात उपाशी बसायचे, आणि दुसऱ्या दिवशी 'शिळा सण' पाळायचे, गोरगरिबांना दान आणि एकमेकांकडे जाणं-येणं. पुस्तकाशिवाय इतकं टिकवणं सोपं आहे का, सांग.

इथे इस्राएलमध्ये रस्ते अक्षरशः रिकामे होतात, विमानतळ बंद, हायवेवर पोरं सायकली फिरवतात. १९७३ ला ६ ऑक्टोबरला अशाच दिवशी युद्ध सुरू झालं, माणसं सिनेगॉगमधून थेट फ्रंटवर गेली, त्यामुळे जुन्या लोकांना या दिवशी ते आठवतंच.

आणि २०२५ ला दसरा आणि योम किप्पूर एकाच दिवशी आले, २ ऑक्टोबरला, बघितलंस का? दोन्ही चंद्राच्या महिन्याची दशमी ना.

पुढच्या वेळी ठाण्याच्या शार हाशामायिम सिनेगॉगमध्ये संध्याकाळी जा, शेवटची नेइला प्रार्थना आणि मग शोफारचा, म्हणजे मेंढ्याच्या शिंगाच्या तुतारीचा, लांब सूर ऐक. माझा मामेभाऊ तिथेच असतो, त्याला सांगून ठेवतो, डोक्यावर टोपी मात्र घाल.

तुझा,
सॅमी