दाराशी शंभर नमस्कार

जेजू बेट, दक्षिण कोरिया, १९ ऑक्टोबर

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार. तुझ्या जानेवारीतल्या पत्राला आज उत्तर लिहीत आहे, आणि तेही उशिराची लाज वाटली म्हणून नव्हे, तर काल नौदलाच्या तळाविरुद्ध लढणाऱ्या इथल्या गांगजोंग गावात जे पाहिले ते तुझ्याखेरीज कोणाला सांगावे हे कळेना म्हणून. प्रकृती ठीक आहे. गुडघ्यांचे रडगाणे जुनेच.

२०१२ च्या मार्चमध्ये याच गावच्या किनाऱ्यावरचा गुरोम्बीचा कातळ तळासाठी सुरुंगाने फोडायला सुरुवात झाली, तेव्हा ते कात्रण तूच पाठवले होतेस आणि मी उलट टपाली "आणखी एक हरलेली लढाई" एवढेच लिहून तुला दुखावले होते. सुमारे सव्वा किलोमीटर लांबीचा सलग एकच लाव्हाचा कातळ, त्यात गोड्या पाण्याचे झरे. तिथे आता काँक्रीट आहे आणि २०१६ पासून नौदलाचा तळ सुरू आहे. म्हणजे मीच खरा ठरलो, असे मी म्हणणार, हे तू ताडले असशीलच. जरा धीर धर.

सकाळी सात वाजता तळाच्या दाराशी सहा माणसे चटया अंथरून शंभर नमस्कार घालत होती. ध्वनिमुद्रित आवाज एकेक वाक्य उच्चारतो आणि प्रत्येक वाक्यामागे एक साष्टांग. मी पस्तिसाव्यालाच बसलो (सूर्यनमस्कारांच्या माझ्या बढाया आठवून हसून घे). शेजारच्या आजीबाईंनी शंभर पुरे केले, चटईच्या कडा जुळवून गुंडाळी केली, दोरी दोनदा फिरवून गाठ मारली आणि काही न बोलता माझीही चटई उचलून नेली. बांधकामाच्या दिवसांत या दाराशी भर रस्त्यात मिस्सा चाले आणि प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसलेल्या फादर-सिस्टरांना पोलीस खुर्चीसकट उचलून कडेला ठेवत. सिमेंटचे ट्रक आत गेले की ती मंडळी पुन्हा जागेवर येऊन बसत. तळ बांधून झाला तरी नमस्कार थांबलेले नाहीत, मिस्साही नाही, आणि दुपारी बाराला हात धरून नाचतातही. आपल्या आंदोलनाच्या तंबूत कोणी नाचले असते, तर तूच पहिला आक्षेप घेतला असतास.

पण मला झोप लागली नाही ती दुसऱ्याच गोष्टीने. २००७ च्या एप्रिलमध्ये सुमारे १,९०० वस्तीच्या या गावात ८७ जणांच्या सभेने टाळ्या वाजवून तळाला होकार दिला. ऑगस्टमध्ये गावाने रीतसर मतदान घेतले, तेव्हा ७२५ पैकी ६८० मते विरोधात पडली. सरकारने मात्र टाळ्याच धरून ठेवल्या. तेव्हापासून गाव उभे चिरले गेले. किराणाही आपल्या बाजूच्या दुकानातून घ्यायचा अशी वेळ आली आणि सख्खे भाऊ पितरांच्या पूजेला एकत्र बसेनासे झाले. सरकारी फौजांनी हजारो बेटवासीयांना मारले त्या १९४८ च्या कत्तलीचे नाव घ्यायलाही जे बेट पुढे कित्येक दशके भीत होते, ज्याला २००५ मध्ये सरकारनेच "जागतिक शांततेचे बेट" म्हणून गौरवले, तिथे दोनच वर्षांत हे घडले. नौदलाने आंदोलकांवर सुमारे ३४५ कोटी वॉनच्या भरपाईचा दावा लावला होता, तो २०१७ मध्ये सरकारने सोडून दिला. २०१८ मध्ये राष्ट्राध्यक्ष मून जे-इन स्वतः गावात आले आणि त्यांनी खेद व्यक्त केला. दावा मागे घेता येतो, सुधाकर, पण भावाकडे न गेलेली वर्षे कोण मागे घेणार?

मी तंबूतून उठून गेलो आणि तू बसून राहिलास, यावर आपण आठ वर्षे अबोला धरला. वसंताच्या तेराव्याला एकाच ओसरीवर दोन टोकांना बसलो. तू ताठर होतास, हे मी अजूनही म्हणेन. पण काल त्या दाराशी मला प्रथमच वाटले की तुला जिंकायचे नव्हतेच, फक्त उठायचे नव्हते, आणि मी आठ वर्षे भलत्याच मुद्द्यावर भांडत होतो. की तुझ्या न उठण्यानेच आपली ओसरी दुभंगली? हे मला अजून ठरवता येत नाही. तुला येत असेल तर लिही; फक्त भाषण नको.

मुक्ताचे लग्न ठरल्याचे वाचून आनंद झाला, तिला आशीर्वाद. डोळ्याची शस्त्रक्रिया लांबवू नकोस.

अनंताने विमानाचे तिकीट दोन दिवस पुढे ढकलले आहे. उद्या सात वाजता पुन्हा जाईन. पन्नासापर्यंत पोहोचलो तर कळवीन.

तुझा,
माधव