विषय : वॉचमनला गेट सोडून खासगी कामाला लावण्याबाबत

मा. अध्यक्ष, गृहनिर्माण सोसायटी,
इंदिरानगर, नाशिक.

स. न. वि. वि.

याच विषयावरचे हे माझे चौथे पत्र. पहिले गणपतीच्या आधी दिले होते. 'बघू' यापलीकडे उत्तर आले नाही, म्हणून या वेळी लेखी पोच हवी आहे.

तिसऱ्या मजल्यावरचे सभासद रोज सकाळी वॉचमनकाकांकडून गाडी धुऊन घेतात. मंगळवारी साडेसहाला मी कचऱ्याचा डबा घेऊन घंटागाडीसाठी खाली आले, तर गेट सताड उघडे, खुर्ची रिकामी, नोंदवहीचे पेन दोऱ्याला लोंबकळतेय. शेवटची नोंद आदल्या रात्रीची. काका पार्किंगमध्ये उकिडवे बसून चाके घासत होते, बोटे गारठ्याने लाल झालेली. मला पाहून तेच दचकले. तेवढ्यात एक अनोळखी माणूस जिन्याने वर गेला. तो कोणाकडे आला होता, ते अजून कळलेले नाही.

काकांवर माझा राग नाही. बारा तासांची ड्युटी करणारा माणूस सभासदाला 'नाही' कसे म्हणेल? पण २००५च्या खासगी सुरक्षा एजन्सी कायद्याखालच्या केंद्राच्या आदर्श नियमांत रक्षकाला १०० तास वर्गात आणि ६० तास प्रत्यक्ष प्रशिक्षण सांगितले आहे. ओळखपत्र तपासणे, आग विझवणे, प्रथमोपचार हे त्यात येते. गाडी धुणे येत नाही.

तिसऱ्या मजल्यावरचे हे शेजारी म्हणतात, "मी त्याला वेगळे पैसे देतो." मग गेटचे पैसे कोण देतो? मेंटेनन्स आम्हीही भरतो. दूध, दळण, सिलिंडर, सगळे काकांनीच आणायचे. यांच्याच पाहुण्यांची गाडी दिवाळीत चार दिवस माझ्या जागेत होती, तेव्हाही मी गप्प बसले. पॅसेजमधल्या चपलांच्या रॅकबद्दल तर बोलणेच सोडले.

ब विंगमधल्या बऱ्याच जणांचे म्हणणे हेच आहे. संबंध बिघडायला नकोत म्हणून सही करायला कोणी तयार नाही, एवढेच.

वॉचमनला खासगी काम सांगू नये, अशी सूचना अध्यक्षांच्या सहीने नोटीस बोर्डवर लावावी आणि तिची एक प्रत तिसऱ्या मजल्यावर हातात द्यावी. सकाळी सहा ते आठ गेटवर माणूस हवाच. आठ दिवसांत लेखी उत्तर द्यावे.

कळावे,
ब विंगमधील एक सभासद
(सही मूळ प्रतीवर)