गल्ल्यातली चिठ्ठी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

परवा फोनवर तू लेकावर फारच चिडला होतास. आजीने दिवाळीला दिलेले ३०० रुपये त्याने क्रिकेटच्या कार्डांवर उडवले, म्हणून तू त्याचे खाऊचे पैसेच बंद केलेस. तेव्हा मी घाईत होतो, पण ते डोक्यातून जाईना. म्हणून सविस्तर लिहितोय.

आमच्या लेकीला दहा पूर्ण झाली. दहा वर्षांवरच्या मुलांना पोस्टात स्वतःच्या नावावर बचत खातं काढता येतं, किमान ५०० रुपयांत. तेवढ्यासाठी तिचा मातीचा गल्ला फोडला. जमिनीवर पेपर पसरला, तिने बत्त्याने हलकेच टोला दिला आणि नाणी घरभर पळाली. दहाची, पाचाची चळत लावताना खापरांत एक घडी केलेला कागद सापडला. वहीचं पान, तिचं अक्षर: ‘बाबांनी २०० घेतले. दूधवाल्याला द्यायला.’

मी साफ विसरलो होतो रे! महिनाअखेरीला सुट्टे नव्हते, तेव्हा गल्ला उलटा करून चिमट्याने दोन नोटा ओढल्या होत्या. ती बघत होती, बोलली काहीच नाही. तिच्या आईकडून घेतले असते तर मी चार दिवसांत परत केले असते; पोरीचेच राहिले. पोरांचे पैसे आपण खरे धरत नाही, हे मला त्या दिवशी कळलं आणि फार लागलं. लगेच २०० मोजून तिच्या हातात ठेवले. तिने चिठ्ठीवर आडवी रेघ मारली.

पोस्टात तिने सही केली. आदल्या रात्री पाठकोरा कागद भरून सराव केला होता. चार टक्के व्याज म्हणजे ५०० वर वर्षाला २० रुपये, हा हिशेब तिने बाकावर बसूनच केला. ‘एवढेच?’ म्हणाली. हो, एवढेच. ते तिने स्वतः मोजून बघितलं, हे मला जास्त मोलाचं वाटतं.

सगळे पैसे मात्र खात्यात टाकले नाहीत. आपल्या शाळेतली संचयिका आठवते ना? रुपया, आठ आणे नेऊन गुरुजींकडे भरायचो. भरायची सवय लागली, पण त्या पैशांचं काय करायचं हे कधी कुणी आपल्याला विचारलं नाही. पहिला पगार हातात आल्यावर आपण कसे गोंधळलो, तुला माहीत आहे. म्हणून आता तिला दर रविवारी ५० रुपये देतो. पेन, रबर, मैत्रिणीच्या वाढदिवसाची भेट, सगळं त्यातच. मागच्या महिन्यात बुधवारीच संपले. शनिवारी वर्गातल्या पोरी बर्फाचा गोळा खात होत्या आणि ही नुसती उभी राहिली. घरी येऊन रडली. आईचा जीव तुटत होता, माझाही. तरी रविवारपर्यंत पैसे दिले नाहीत, रागावलोही नाही. पुढच्या आठवड्यात तिने २० आधीच बाजूला काढले.

तुझ्या लेकाने ३०० घालवले ते आत्ता, नवव्या वर्षी. आत्ताच घालवू दे. पण पैसेच बंद केलेस तर तो पुढच्या वेळी कशातून सावरणार? आणि तूही कधी त्याच्या डब्यातून पैसे घेतलेस का ते आठवून बघ, घेतले असतील तर परत दे.

या रविवारपासून त्याचे खाऊचे पैसे पुन्हा सुरू कर. सुट्टीत सगळे या. पासबुक दाखवायला इथे कुणीतरी वाट बघतंय.

वहिनींना नमस्कार, चिरंजीवांना आशीर्वाद.

तुझाच मित्र