टेलरकाकांना जाहीर आभारपत्र

आदरणीय टेलरकाका,
सादर नमस्कार.

आपला मोबाईल केवळ फोन घेण्यापुरता आहे, त्यामुळे हे पत्र दुकानातला मुलगा आपल्याला वाचून दाखवील आणि आपण मान खाली घालून काज करीत राहाल, हे मला इथूनच दिसते आहे. तरीही ते सर्वांसमक्ष लिहिते आहे, कारण जे घडले तेही सर्वांसमक्षच घडले होते.

एप्रिलअखेरच्या त्या रात्री, मी डॉक्टर म्हणून जिच्यावर ड्युटीला होते ती रुग्णवाहिका उशिरा पोहोचली या संतापात रुग्णाच्या एका नातेवाइकाने सळई उगारली. डोके वाचवण्यासाठी मी डावा हात आडवा धरला आणि कोपरापासून मनगटापर्यंतचे, करंगळीच्या बाजूचे हाड मोडले. वार अडवताना बहुधा हेच हाड मोडते, हे मी पुस्तकात शिकले होते. भोवती जमलेल्यांपैकी बहुतेकांचे हात मोबाईल धरण्यात गुंतले होते. आमचा पायलट, म्हणजे रुग्णवाहिकेचा चालक, मध्ये पडला म्हणून मी वाचले. दुसऱ्या दिवशी कचेरीतून आलेल्या पहिल्या फोनवर चौकशी झाली ती त्या झटापटीत फुटलेल्या, रुग्णवाहिकेतल्या मॉनिटरची. आरोग्यसेवकांवरील हिंसाचाराविरुद्ध महाराष्ट्रात २०१० पासून कायदा आहे, त्यात ३ वर्षांपर्यंत कैद आहे, गुन्हा अजामीनपात्र आहे आणि मोडलेल्या उपकरणाच्या खरेदी किमतीच्या दुप्पट भरपाईची तरतूदही आहे. तेव्हा साहेबांनी मॉनिटरपुरते तरी निश्चिंत असावे.

घरी भेटायला येणारे पुष्कळ होते. आपल्या नागपुरात माणसे धावून येतात, पण आधी साद्यंत हकीकत ऐकतात, आणि ती ऐकून झाल्यावर "पण तू नेमके काय बोललीस त्यांना?" हा प्रश्न कुणाच्या ना कुणाच्या तोंडून निघतोच. महिनाभर मी त्या प्रश्नाची उत्तरे देत होते.

काखेपर्यंतच्या प्लास्टरवरून एकही बाही चढेना, म्हणून आई माझे तीन सुती कुर्ते घेऊन बडकस चौकाजवळच्या आपल्या दुकानात आली. आपण तिला एवढेच विचारलेत, "कोणता हात?" सायंकाळी दुकान बंद करून आपण स्वतः घरी आलात. काटकोनात बांधलेल्या त्या हाताभोवती आपण टेप धरलात तो प्लास्टरला न टेकवता, बोटभर अंतर राखून, आणि मापे नेहमीसारखी पाठ न म्हणता मुकाट्याने कागदावर लिहून घेतलीत. तिसऱ्या दिवशी कुर्ते आले: गळ्यापासून मनगटापर्यंत बाही उसवलेली, कडेने टिचबटणे, आणि ती टोचू नयेत म्हणून आतून मलमलची पट्टी. ती पट्टी लावायला आईने सांगितले नव्हते. नवतप्याच्या उकाड्यात, कूलरसमोर बसूनही अंगाची काहिली होत असताना, त्या पट्टीवरून मी कितीदा बोट फिरवले असेल! आणि आपण शिलाईचे पैसे घेतलेत, नेहमीच्या दराने, दहा रुपये सुटे परत देऊन. मी अजूनही आपली गिऱ्हाईक आहे, कीव करण्याजोगी कुणी झालेले नाही, हे त्या दहा रुपयांमुळे मला प्रथम जाणवले. चांगुलपणाचा गाजावाजा करणारे आपल्याकडे कमी नाहीत; तो टाक्यांत घालून, वर शिलाई मागणारा माणूस मला फार मोठा वाटतो.

येत्या सोमवारपासून मी पुन्हा ड्युटीवर जाते आहे. दोन कुर्त्यांच्या बाह्या शिवायला आईबरोबर पाठवते. तिसरा तसाच ठेवते, कारण मनगट अजून पुरते वळत नाही.

आपली नम्र,
कोपऱ्यावरच्या वाड्यातली डॉक्टर